पहिली आज्ञा कोणाची?

अचलपूर-चांदूर बाजारच्या संत्राबागांपासून अकोट-तेल्हाऱ्याच्या केळीपर्यंत ओलिताची शेती करणाऱ्या कोणालाही ‘ऑटो’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. रात्री-बेरात्री थ्री फेज वीज आली की शेतकऱ्याला अंथरुणातून न उठवता पंप सुरू करणारे, स्टार्टरच्या पेटीतील ते छोटेसे उपकरण. गंमत अशी की, ते वीज येताक्षणी पंप सुरू करीत नाही. काही सेकंद थांबते, तिन्ही फेज आले आहेत ना याची खात्री करते आणि मगच स्टार्टरकडे काम सोपवून बाजूला होते. एक फेज गेलेला असताना पंप चालू झाला तर मोटार जळते, आणि हंगामात मोटार जळणे म्हणजे काय, हे ज्याची जळली त्यालाच विचारावे. थांबणे, तपासणे, सुरू करणे आणि बाजूला होणे, या चार कामांचे मोल वऱ्हाडातील शेतकऱ्याने स्वानुभवाने जाणले आहे.

संगणकाच्या जगात नेमके हेच काम करणाऱ्या आज्ञावलीला बूटलोडर म्हणतात. घरातील संगणकावर ती कोणाला दिसत नाही आणि दिसावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. परंतु संगणक आता केवळ टेबलावर राहिलेला नाही. तळहाताएवढ्या बोर्डाच्या रूपाने तो वीजमीटरमध्ये, रस्त्यावरील कॅमेऱ्यात, दूध-संकलनाच्या काट्यात आणि शेताच्या बांधावरील हवामान-केंद्रात जाऊन बसला आहे. तेथे पडदा नाही, कळफलक नाही आणि बहुधा जवळपास माणूसही नाही. वीज गेली आणि परत आली, तर यंत्राने आपल्या पायावर उभे राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ते उभे राहील की नाही हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरते, आणि ते सेकंद ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात ते यंत्र असते. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी शिक्षणात या सेकंदांना जागा मिळायला हवी, असे म्हणण्यामागे एवढे साधे कारण आहे.

वीज मिळाल्यावर बोर्डावरील प्रक्रियक जागा होतो तेव्हा तो जवळजवळ स्मृतिहीन असतो. मुख्य स्मृती जोडलेली असते, पण ती वापरण्याजोगी झालेली नसते. तिला वेग, वेळ आणि क्रम शिकवावा लागतो. ते शिकवणारी आज्ञावली मात्र कुठेतरी स्मृतीतच ठेवायला हवी. या कोड्याचे उत्तर वऱ्हाडातील चुलीने फार पूर्वी दिले आहे. मोठे लाकूड काडीने पेटत नाही. काडीने आधी वाळलेला पाचोळा पेटवायचा, पाचोळ्याने पऱ्हाटी आणि पऱ्हाटीने लाकूड. प्रक्रियकाच्या आतच कारखान्यात कोरून ठेवलेली, कधीही न बदलणारी छोटी आज्ञावली ही झाली काडी. तिला रॉम कोड म्हणतात. ती कार्डावरून किंवा बोर्डावरील साठ्यातून पहिला छोटा तुकडा उचलते आणि प्रक्रियकाच्या पोटातील शंभर-सव्वाशे किलोबाइटच्या चिमुकल्या जागेत ठेवते. हा तुकडा मुख्य स्मृती वापरायोग्य करतो. मग तिच्यात पूर्ण बूटलोडर येतो आणि तो शेवटी लिनक्ससारखी मोठी प्रणाली उचलून, तिच्या हाती कारभार देऊन स्वतः संपतो.

बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचे उदाहरण घेतले तर हे सारे प्रत्यक्ष पाहता येते. २०१३ साली आलेला हा बोर्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रक्रियकावर चालतो आणि त्याचे नकाशे सर्वांसाठी खुले आहेत. त्यावर बसणारा यू-बूट नावाचा बूटलोडरही खुला आहे. त्याचा मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, आपल्या संगणकावर एआरएम प्रक्रियकासाठीचा कंपायलर बसवायचा, ‘एएम३३५एक्स ईव्हीएम’ नावाची संरचना निवडायची (या ईव्हीएमचा मतदानाशी संबंध नाही, ते ‘इव्हॅल्युएशन मॉड्यूल’चे लघुरूप आहे) आणि बांधणीची आज्ञा द्यायची. काही मिनिटांत दोन फाइली तयार होतात: ‘एमएलओ’ हा पहिला तुकडा आणि ‘यू-बूट’ हा दुसरा. मेमरी कार्डाच्या पहिल्या फॅट विभागात त्या ठेवायच्या, एमएलओ आधी. कार्ड बोर्डात घालून, त्याच्या कोपऱ्याजवळची छोटी कळ दाबून धरत वीज द्यायची. कळ दाबली नाही तर बोर्ड स्वतःच्या अंतर्गत साठ्यातील जुन्याच बूटलोडरकडे जातो आणि विद्यार्थी तासभर आपली चूक शोधत बसतो. प्रत्येक प्रयोगशाळेत हे एकदा तरी घडते आणि घडावेच.

यंत्र काय बोलते ते ऐकण्यासाठी सहा टोकांची एक पट्टी दिलेली असते. पहिले टोक ग्राउंड, चौथे बोर्डाने ऐकण्याचे, पाचवे बोर्डाने बोलण्याचे. काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी ते सिरियल जोडक तिथे लावला आणि वेग १,१५,२०० ठेवला की बोर्डाचे मनोगत पडद्यावर उमटू लागते. जोडक मात्र ३.३ व्होल्टचाच हवा. पाच व्होल्टचा लावला तर बोर्ड कायमचा जायबंदी होऊ शकतो. सगळे जमले तर यू-बूट दोन-तीन उलटे अंक मोजतो. तेवढ्यात कोणतीही कळ दाबली तर तो थांबतो आणि पुढची आज्ञा मागतो. यंत्राचा कारभार माणसाच्या हाती येण्याचा हाच तो क्षण.

आणि काहीच जमले नाही तर? कार्डही नाही, अंतर्गत साठाही पुसलेला, अशा अवस्थेत तो बोर्ड त्याच पट्टीवरून ‘सी’ हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पहिला तुकडा सिरियल तारेवरून पाठवा, अशी ती रॉमची मागणी असते. बाजारात अशा बोर्डाला ‘वीट झाली’ म्हणून फेकून देतात. ज्याला त्या अक्षराचा अर्थ कळतो, तो तारेवरून बूटलोडर पाठवून त्याच बोर्डाला अर्ध्या तासात उभे करतो. दुरुस्ती करणारा आणि नवीन घ्या म्हणणारा, यांच्यातील अंतर पुष्कळदा एवढ्याच ज्ञानाचे असते.

बसवणे झाले; जुळवणी त्याहून महत्त्वाची आणि खरी परीक्षा तिथेच होते. यू-बूट आपल्या सवयी काही चलांमध्ये साठवतो: काय सुरू करायचे, कोणत्या सूचनांसह सुरू करायचे, किती सेकंद थांबायचे. ही चले लिहीत असतानाच वीज गेली तर? म्हणून त्यांच्यासोबत एक पडताळणी-अंक लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर यू-बूट ती चले बाजूला ठेवून मूळच्या सवयींवर जातो. दोन प्रती ठेवण्याचीही सोय आहे. एक बिघडली तर दुसरी वापरायची. पुणे-बंगळूरुच्या वातानुकूलित खोलीत बसून दोन प्रती कशाला, असा प्रश्न पडू शकतो. जेथे आठ तास वीज मिळणे हेही वेळापत्रकावर अवलंबून आहे, तेथील माणसाला हा प्रश्न पडणार नाही.

नवी आज्ञावली दूरवरून पाठवताना तर ही गोष्ट अधिकच निर्णायक ठरते. शहाणी रचना अशी की साठ्यात दोन कप्पे ठेवायचे. चालू आज्ञावली एका कप्प्यात, नवी दुसऱ्यात उतरवायची, आणि पूर्ण उतरल्यावरच बूटलोडरला सांगायचे की आता इकडून सुरू हो. नवी आज्ञावली नीट उभी राहिली तर ती स्वतः ‘ठीक आहे’ अशी नोंद करते. तीनदा प्रयत्न करूनही तशी नोंद झाली नाही, तर बूटलोडर आपणहून जुन्या कप्प्याकडे परततो. यासाठी तो प्रयत्नांची मोजणी ठेवतो. आता ही मोजणी कुठे ठेवायची? बीगलबोनच्या प्रक्रियकात घड्याळाच्या भागात त्यासाठी एक सोयीची जागा आहे, परंतु त्या घड्याळाला बोर्डावर बॅटरी नाही. वीज पूर्ण गेली की मोजणीही गेली. ती कायमच्या साठ्यात ठेवली तर दुसरीच आपत्ती उभी राहते. संध्याकाळच्या वादळात वीज पाच मिनिटांत चार वेळा लुकलुकली की मोजणी तीनच्या पुढे जाते आणि काहीही दोष नसलेली आज्ञावली सदोष ठरून यंत्र मागे फिरते. उपाय असा की, मोजणी कायमच्या साठ्यातच ठेवायची, पण नवी आज्ञावली उतरवल्यानंतरच्या परीक्षेच्या काळापुरतीच. एरवी मोजायचेच नाही. यू-बूटमध्ये ही सोय तयार आहे. ती चालू करायला हवी, एवढे ज्याला सुचते तो वीज जाणाऱ्या गावात वाढलेला असतो. हे ज्ञान वऱ्हाडातील मुलांच्या अंगी आधीच आहे. त्यांना तसे कोणी सांगितलेले नाही.

आता थोडे इतिहासाकडे. मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. नाव गोड, गाव लहान. या गावात ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म झाला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला, १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि तिचे पहिले संचालक म्हणून भटकरांनी १९९१ साली ‘परम ८०००’ देशापुढे ठेवला. ही कथा सर्वांना पाठ आहे. व्याख्यानमालांत ती सांगितली जाते आणि सांगितली जावी. पण बहुतेकदा ती नकार आणि प्रतिउत्तर या नाट्यावरच संपते, तेव्हा तिचा अर्धा बोध निसटतो.

परममधील प्रक्रियक भारतात बनलेले नव्हते. ते ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, आणि ते बाजारात कोणालाही मिळत. मग भारतीयांनी केले काय? अनेक छोटे प्रक्रियक एकमेकांना जोडून एका कामाला लावण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली, आणि ती विद्या अगदी तळापासून सुरू होते. ट्रान्सप्युटरमध्ये एक विलक्षण सोय होती. शेजाऱ्याशी जोडलेल्या तारेवरूनच तो जागा होऊ शके. तारेवरून येणारा पहिला बाइट शून्य असेल तर स्मृतीत काही लिहायचे, एक असेल तर स्मृतीतील काही वाचून सांगायचे, आणि दोन किंवा त्याहून मोठा असेल तर पुढचे तितके बाइट स्मृतीत घेऊन तीच आपली पहिली आज्ञावली मानायची. म्हणजे पहिला तुकडा जास्तीत जास्त २५५ बाइटचा. मराठीतील एका लहान परिच्छेदाएवढासुद्धा नाही. तेवढ्यात जागा झालेला प्रक्रियक मग आपल्या शेजाऱ्याला जागे करी, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि दिव्याने दिवा लागावा तसे सारे जाळे उजळे. अशा यंत्रावर काम करणाऱ्या पिढीला ‘पहिली आज्ञा’ हा विषय वरवरचा ठेवणे परवडणारेच नव्हते. सुटे भाग परके असतानाही यंत्र आपले होऊ शकते, ते अशा ज्ञानामुळे. उलट सुटे भाग देशी असूनही यंत्र परके राहू शकते, हेही तितकेच खरे.

याचे उदाहरण शोधायला मूर्तिजापूर स्टेशनच्या बाहेर जावे लागत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा ‘शकुंतला’चा अरुंद मार्ग तिथूनच फुटतो. कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सनच्या पुढाकाराने ब्रिटिश काळात उभारलेला हा मार्ग, देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही खासगी कंपनीकडेच राहिला. रूळ वऱ्हाडच्या मातीत, प्रवासी वऱ्हाडचे, गाडी चालवणारे भारतीय रेल्वेचे कर्मचारी, आणि मालकी मात्र जुन्या करारातील कागदावर. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन धावले. पुढे दुरुस्ती कोणी करायची, खर्च कोणी सोसायचा, या घोळात मार्ग खंगत गेला आणि अखेर गाड्या थांबल्या. मालकी आणि वापर यांची फारकत झाली की काय होते, हे यवतमाळ, दारव्हा, अंजनगाव, अचलपूरच्या लोकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आजच्या बोर्डातील ही मालकी एका अदृश्य किल्लीत असते. प्रक्रियकात एकदाच लिहिता येणारे काही सूक्ष्म फ्यूज असतात. त्यांत निर्मात्याच्या किल्लीची खूण कोरली की त्या किल्लीने स्वाक्षरित नसलेला कोणताही बूटलोडर ते यंत्र स्वीकारत नाही. हे पुसता येत नाही. यात वाईट काही नाही. उलट चोरट्याने कॅमेऱ्यात स्वतःची आज्ञावली घुसवू नये यासाठी हेच हवे. इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या सुरक्षा-कॅमेऱ्यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील सुरक्षा-चाचणी भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून बंधनकारक केली, ती योग्यच. प्रश्न किल्ली असावी की नसावी हा नाही. ती कोणाच्या खिशात असावी, हा आहे. यंत्र विकत घेणारी जिल्हा परिषद, कृषी विद्यापीठ वा नगरपालिका आणि किल्ली मात्र परदेशातील अशा कारखान्याकडे, जो उद्या बंद पडू शकतो किंवा ज्याच्या सरकारचे धोरण उद्या पालटू शकते. तर ते यंत्र विकत घेतलेले नाही, भाड्याने आणलेले आहे.

शिक्षणासाठी सर्वत्र वापरला जाणारा रास्पबेरी पाय हा बोर्डही याला पूर्ण अपवाद नाही. २०१२ पासून त्याने जगभरच्या मुलांना संगणकाची गोडी लावली, याबद्दल कृतज्ञताच बाळगावी. पण त्यावर वीज मिळताच प्रथम जागा होतो तो मुख्य प्रक्रियक नव्हे, तर चित्रांसाठी असलेला ब्रॉडकॉमचा भाग. त्याची आज्ञावली बंदिस्त आहे. ती आपले काम उरकते तेव्हा कुठे विद्यार्थ्याच्या ओळखीचा प्रक्रियक डोळे उघडतो. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही आज्ञावली कार्डावरून बोर्डावरील चिपमध्ये गेली, इतकाच फरक. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याने केवळ पायवरच हात बसवला, त्याला पहिली आज्ञा दिसतच नाही. दोष त्या बोर्डाचा नाही. त्यावर थांबणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे.

हे सारे वऱ्हाडात का महत्त्वाचे, याचे उत्तर वरूड-मोर्शीच्या संत्र्यात आहे. संत्र्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पाऊस किती पडला, किती दिवस खंड पडला, तापमान कुठे गेले, यावर भरपाई ठरते, आणि ते ठरवतात महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान-केंद्रांच्या नोंदी. राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांवर महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली. बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब एका खांबावरील छोट्या पेटीने ठेवावा, अशी ही व्यवस्था आहे. मेच्या उन्हात, अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा, त्या पेटीच्या आत तो त्याहून बराच वर असणार. साध्या व्यापारी दर्जाच्या चिपांची मर्यादा ७० अंशांची, औद्योगिक दर्जाच्या ८५ ची. त्यात वीज, वादळ, धूळ. अशी पेटी आडरानात उभी करताना ती पडली तर आपोआप कशी उठेल, याचा विचार खरेदीच्या कागदपत्रांत असायला नको काय? पर्जन्यमापकाची अचूकता निविदेत लिहिली जाते. पुनःप्रारंभाची हमी लिहिलेली क्वचितच दिसते.

खारपाणपट्ट्यातही तेच. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. मातीतील ओल आणि क्षार सतत मोजणारी स्वस्त साधने येथे चैनीची बाब नाहीत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. माती काय मागते हे त्याला कळते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. बडनेऱ्यात, अकोल्यात आणि पलीकडे शेगावातही अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. यंत्र काय मागते हे त्यांना कळायला हवे. अकोला ते अमरावती रेल्वेने दोन तासांचेही अंतर नाही. तरी शेतीचे मोजमाप करणारा बोर्ड मात्र दूरदेशीच्या बाजारातून तयार येतो, आणि बिघडला की कपाटात जातो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मुलांना एवढे खोलात जाण्याची गरज काय? हिंजवडीत नोकरी देताना बूटलोडर कोणी विचारत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि पालकांची काळजीही खोटी नाही. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, बहुतेकदा काढलेले कर्ज. या हिशेबात लवकर मिळणारी नोकरी मोलाची. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. वरच्या थरावरचे, साच्यातले काम करणारे लाखो आहेत, आणि त्या कामाचा मोठा वाटा आता यंत्रच करू लागले आहे. तळाच्या थराचे काम जाणणारे थोडे आहेत. मोटारगाड्या, वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार, संरक्षण या साऱ्या क्षेत्रांना ते लागतात. बंगळूरुमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे केंद्र १९८५ पासून आहे, आणि यू-बूटमध्ये भर घालणाऱ्यांच्या यादीत भारतीय नावे ठळकपणे दिसतात. ती नावे आकाशातून पडलेली नाहीत. कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोणीतरी त्यांच्या हाती सिरियल तार दिली होती.

याउलट अंतिम वर्षाचा प्रकल्प शहरातील दुकानातून तयार आणण्याची जी रीत अनेक ठिकाणी रुळली आहे, तिच्याबद्दल सौम्य बोलणे कठीण आहे. पालक पैसे मोजतात, दुकानदार पेटी देतो, मुलगा चार वाक्ये पाठ करतो आणि परीक्षक मान डोलावतो. अहवालाची बांधणी सुवर्णाक्षरांत. या व्यवहारात प्रत्येकाला सगळे ठाऊक असते, आणि तरी तो वर्षानुवर्षे चालतो. कार्यकर्त्यांच्या, शिक्षकांच्या, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतूनही तो चालतो, हे अधिक खेदाचे.

स्वदेशीचा उत्साह असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बाहेरून आणलेल्या बोर्डावर संस्कृत नावाचा कागद चिकटवल्याने तो स्वदेशी होत नाही. आणि सर्व काही कोऱ्या पाटीवरून स्वतः लिहिले पाहिजे, हा हट्टही शहाणपणाचा नाही. यू-बूटची सुरुवात मॅग्नस डॅम यांच्या एका छोट्या आज्ञावलीतून झाली; वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने ती हाती घेतली, वाढवली, २००२ साली तिला आजचे नाव मिळाले. नावात जर्मन पाणबुडीवरची कोटी आहे. डेंक २०२२ साली निवर्तले, पण त्यांचे काम थांबले नाही, कारण ते कोणा एकाच्या तिजोरीत नव्हते. त्याच्या परवान्याची अट अशी की, त्यावर आधारलेली आज्ञावली जो कोणी यंत्रात घालून विकेल, त्याने ग्राहकाला मूळ मजकूर मागितल्यावर दिलाच पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी यंत्रांत यू-बूट आहे. हा मजकूर मागणारे ग्राहक किती? कायद्याने हाती दिलेला हक्क वापरायचा नाही आणि परावलंबनाबद्दल हळहळायचे, यात काही अर्थ नाही.

देशी प्रक्रियकांची पहाट झालेली आहे, हे निश्चित. मद्रास आयआयटीत प्रा. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली ‘शक्ती’ प्रक्रियक आकाराला आला आणि २०१८ साली त्याची चिप मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत घडली. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ मालिका, तिच्यातील ‘तेजस-३२’ ही चिप आणि तिच्यावरचे ‘एरीज’ बोर्ड आणले. दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभे आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने या रचनेसाठी स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. तथापि प्रक्रियक देशी झाला म्हणून त्यावर बसवणारे हात आपोआप तयार होत नाहीत. चिप मोहालीत घडेल. ती मोर्शीच्या बागेत पावसाळाभर चालवून दाखवणारा अभियंता मोर्शीच्या आसपासच घडावा लागेल.

यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे. एका प्रयोगशाळेत दहा खुले बोर्ड, दहा सिरियल जोडक, काही मेमरी कार्डे, एखाद-दोन देशी बोर्ड, आणि हवी तेव्हा वीज तोडून पुन्हा देणारी एक साधी रिले पेटी, जी विद्यार्थीच बनवतील. तिसऱ्या वर्षाला एक सत्र द्यावे. पहिल्या महिन्यात मूळ मजकुरापासून बूटलोडर बांधून बसवायचा. दुसऱ्यात चले, दोन प्रती, दोन कप्पे. तिसऱ्यात त्या रिले पेटीने आज्ञावली उतरत असताना शंभर वेळा वीज तोडायची आणि शंभरही वेळा यंत्र उठते का, ते पाहायचे. बीगलबोनचा रॉम, विभागणी न वापरता थेट लिहिलेल्या साठ्यात पहिला तुकडा शून्य, १२८, २५६ आणि ३८४ किलोबाइट अशा चार जागी शोधतो. त्यांतील एक जागा मुद्दाम बिघडवून उरलेल्या तिन्हींवर यंत्र तगते का, हेही तपासता येईल. गुण अहवालाच्या बांधणीला नव्हे, शंभरातील किती वेळा यंत्र उठले त्याला द्यावेत. असा प्रकल्प दुकानात मिळत नाही.

अडचण सामग्रीची नाही, शिक्षकांची आहे. कंत्राटी वा तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाकडून स्वतःच्या वेळेत हे शिकून घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. उन्हाळी सुट्टीत तीन आठवड्यांचे, मानधन देणारे प्रशिक्षण विद्यापीठाने भरवावे. पुण्या-बंगळूरुत या क्षेत्रात काम करणारे वऱ्हाडचे अभियंते थोडे नाहीत. गणपतीला आणि दिवाळीला ते गावी येतातच. त्यांपैकी आठ-दहा जणांनी चार-चार दिवस दिले तरी पहिली तुकडी उभी राहील. कृषी विद्यापीठाने प्रक्षेत्रावरील एखादा कोपरा द्यावा, जेथे विद्यार्थ्यांचे बोर्ड मेच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात उघड्यावर राहतील. आणि जिल्ह्यात पुढची मोजमाप-यंत्रे घेताना निविदेत तीन ओळी वाढवाव्यात: बूटलोडरचा मूळ मजकूर खरेदीदाराला मिळेल, स्वाक्षरीची किल्ली खरेदीदाराच्या ताब्यात राहील, आणि वीज तोडण्याची चाचणी यंत्र स्वीकारण्यापूर्वी खरेदीदारासमोर होईल. ती चाचणी घ्यायला तोपर्यंत अमरावती आणि अकोल्यातली मुले तयार असतील.